परदेशी नोकरीला निघण्याआधी गोव्यातलं घर विकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात वकिलाच्या कचेरीत दस्त लिहिण्याचं काम मी अठरा वर्षं केलं. आता घरी असते, तरी ओळखीपाळखीतून माणसं येतात. कुणाला मस्कतला नोकरी लागलेली असते, कुणाला जर्मनीत नर्सचं काम मिळालेलं असतं, तर कुणी कायमचा कॅनडाला निघालेला असतो. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "घराला किती येतील?" मी आधी विचारते, "सह्या किती लागतील?" गोव्यात घराचा व्यवहार अडतो तो किमतीवर कमी आणि सह्यांवर जास्त. म्हणून खालची बरीचशी उत्तरं त्याच एका गोष्टीभोवती फिरतात.

मुळात घर विकावंच का? बंद ठेवलं तर?

दोन-तीन वर्षांचा करार असेल आणि तो आखातातला असेल, तर विकू नका, असंच मी सांगते. तिथे नागरिकत्व सहसा मिळत नाही. आज ना उद्या माणूस परत येतो. परत आल्यावर आपल्याच गावात तसं घर घेणं त्याला बहुधा परवडत नाही. भरवशाचा नातेवाईक राहत असेल किंवा रीतसर करार करून भाड्याने देता येत असेल, तर ते करा.

मात्र घर कुलूप लावून ठेवायचं असेल, तर विकलेलं बरं. आपल्याकडच्या पावसात बंद घर टिकत नाही. मागे बांदोड्याला एक घर पाहिलं, फक्त दोन पावसाळे बंद होतं. पश्चिमेच्या भिंतीतून पिंपळाचं मनगटाएवढं खोड बाहेर आलं होतं, मुळांनी चिरे सुटे झाले होते. माजघराच्या कोपऱ्यात दोन-तीन कौलं सरकलेली, त्याखालचा वासा वाळवीने खाऊन पोकळ झालेला. बोट लावलं तर भुगा हातात आला. घरमालक शारजात होता आणि दर महिन्याला शेजाऱ्याला फोन करून "घर बरं आहे ना?" विचारत होता. शेजारी बाहेरून बघून "बरं आहे" सांगत होता.

तयारी किती आधी सुरू करावी?

फ्लॅट तुमच्या स्वतःच्या नावावर असेल, कर्ज नसेल, सोसायटी नोंदलेली असेल, तर तीन-चार महिने पुरतात. वडिलोपार्जित घर असेल तर वर्षाच्या आत होईल अशी आशा धरू नका. नोकरीसाठी मुलाखती सुरू झाल्या त्या दिवशी कागद काढायला घ्या. नोकरी नाहीच मिळाली तरी कागद नीट झाले, यात तोटा काहीच नाही.

घर मी माझ्या पैशांनी, माझ्या एकट्याच्या नावावर घेतलंय. मग बायकोची सही कशाला?

कारण आपण गोव्यात आहोत. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यातल्या कौटुंबिक तरतुदी इथे आजही चालतात. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर लग्न झाल्यावर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक होते. आधीची, नंतरची, विकत घेतलेली, वारशाने आलेली, सगळी. कागदावर नाव एकाचं असलं तरी अर्धा वाटा दुसऱ्याचा असतो. त्यामुळे विक्रीखतावर दोघांच्याही सह्या लागतात, आणि हे नवऱ्यालाही तितकंच लागू आहे: घर बायकोच्या नावावर असेल तर नवऱ्याची सही हवी.

मुंबई-पुण्याहून घर घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसतं, पण त्याच्या इथल्या वकिलाला असतं. तो पहिल्याच भेटीत लग्नाच्या नोंदणीचा दाखला मागतो. विभक्त राहत असाल पण घटस्फोट झालेला नसेल, तरीही सही लागते. नवरा-बायकोत बोलणं बंद असताना फक्त सहीसाठी दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसलेली मी पाहिली आहेत. तसं असेल तर मध्ये वडीलधारं माणूस घालून आधीच बोलून घ्या. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना नको.

घर अजून आजोबांच्या नावावर आहे. आम्ही भावंडं एकमताची आहोत. मग अडचण काय?

या प्रश्नावर मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण हे आमच्याच घरात घडलं.

माशेलला आमचं माहेरचं चौकाचं घर. उताऱ्यावर आजोबांचं नाव. धाकट्या भावाला मस्कतला नोकरी लागली, तो आणि वहिनी दोघंही निघणार होते, गिऱ्हाईक दारात उभं होतं. सगळ्यांचा होकार होता. मी एका संध्याकाळी वही घेऊन सह्या मोजायला बसले. थोरले काका-काकू, दोन. बाबा गेलेले, म्हणून आई, मी आणि माझे यजमान, भाऊ आणि वहिनी, अशा पाच. धाकटे काका-काकू, दोन. धाकटी आत्या आणि तिचे यजमान, दोन. थोरली आत्या गेलेली. तिचे यजमान, दोन मुलगे, दोन सुना, पाच. सोळा सह्या झाल्या!

मुलींना मुलांइतकाच वाटा, हे आपल्या कायद्यात आधीपासून आहे. आणि माणूस गेलं की मागे राहिलेल्या जोडीदाराचा स्वतःचा अर्धा वाटा कायम असतो; उरलेला अर्धा मुलांत सारखा वाटला जातो. हे सर्वांना पटलेलं होतं. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. थोरल्या आत्याचे यजमान बेळगावला, अर्धांगाने अंथरुणावर. आत्याच्या मुलग्यांची लग्नं गोव्याबाहेर झालेली. त्यांच्या बायकांची सही लागते की नाही यावर दोन वकिलांची दोन मतं. शेवटी गिऱ्हाइकाच्या वकिलाने "सगळ्यांच्या हव्यात" म्हणून सांगितलं. हे जुळवण्यात चार महिने गेले. गिऱ्हाइकाने कंटाळून म्हार्दोळला दुसरं घर घेतलं. भाऊ जाण्याआधी मुखत्यारपत्र देऊन गेला होता म्हणून निभावलं. घर पुढच्या वर्षी विकलं गेलं.

तेव्हा आधी वंशावळ काढा. कोण हयात, कोण गेलं, कुणाचं लग्न कुठे झालं, प्रत्येकाचा जन्म-मृत्यू-विवाहाचा दाखला हातात आहे की नाही. मग दोन मार्ग असतात. वाद नसेल तर विशेष नोटरीसमोर वारसांचा दस्त करून घेता येतो, आणि मग सगळे मिळून विक्रीखतावर सही करतात. वाद असेल, किंवा वाटणी करून ज्याचं त्याला द्यायचं असेल, तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याची कारवाई, घालावी लागते. या दोन्ही गोष्टी आता २०१२ च्या गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्याखाली चालतात; तो २२ डिसेंबर २०१६ पासून लागू आहे. इन्व्हेंटरीला वेळ लागतो. तिकीट हातात घेऊन ती सुरू करू नये.

आणि एक. वाटणी झालेली नसताना "पुढची खोली माझी, ती मी विकतो" असं कुणीही एकटा करू शकत नाही. आपला न वाटलेला हक्क तेवढा देता येतो, आणि त्यावरही बाकीच्या वारसांचा आधी घेण्याचा अधिकार असतो.

उताऱ्यावर माझं नाव आहे. म्हणजे मी मालक ना?

एक-चौदाचा उतारा हा महसुली नोंदीचा कागद आहे. तो हवाच, पण मालकी सिद्ध होते ती दस्तांवरून: विक्रीखत, बक्षीसपत्र, वाटणीचा दस्त, इन्व्हेंटरीचा निकाल. पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को अशा शहरी भागात सिटी सर्व्हे असेल तर एक-चौदाच्या जागी 'फॉर्म डी' असतो.

उतारा हातात आला की फक्त कब्जेदाराचं नाव बघून घडी घालू नका. कुळाचा रकाना बघा. 'इतर हक्क' हा रकाना तर बोट ठेवून वाचा. कुणाचं घर, कुणाची वाट, जुन्या बँकेचा बोजा, अशा गोष्टी तिथेच लपलेल्या असतात. कित्येकदा जमीन एकाच्या नावावर आणि घर दुसऱ्याचं, हेही त्याच रकान्यातून कळतं. मग सर्व्हेचा नकाशा काढा आणि त्यात तुमचं घर, आहे तेवढंच, दिसतं का ते पाहा. मागे वाढवलेलं न्हाणीघर, पुढे घातलेला पत्रा, वरचा मजला नकाशात नसेल तर पंचायतीचा परवाना शोधून ठेवा.

जुने कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, आणि नावही वेगळं लिहिलंय.

घाबरण्यासारखं काही नाही. पोर्तुगीज काळात आडनावं त्यांच्या उच्चाराप्रमाणे लिहिली. 'क' साठी कधी 'सी', कधी 'क्यू'. आजोबांचं आडनाव एक, वडिलांचं दुसरं आणि तुमच्या आधारवर तिसरंच दिसतं. जुन्या दस्ताचं जाणकाराकडून भाषांतर करून घ्या आणि ही दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र जोडा. जुनी नोंद घरात सापडत नसेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात किंवा तालुक्याच्या उपनिबंधकाकडे मिळू शकते. हे काम सावकाश होतं, म्हणून ते आधी.

तुमच्या स्वतःच्या पासपोर्टवर, पॅनवर आणि आधारवर नाव सारखं आहे ना, तेही आत्ताच बघा. परदेशातून स्पेलिंग दुरुस्त करणं म्हणजे मोठा त्रास.

फ्लॅटवर कर्ज आहे. आधी फेडावं लागेल का?

बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्याच पैशातून फेडतात. बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र घ्या. गिऱ्हाईक तेवढी रक्कम थेट तुमच्या कर्जखात्यात भरतं, उरलेली तुम्हाला. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. तारीख लिहून पावती घ्या. सोसायटीची थकबाकी फेडून ना हरकत दाखलाही मागून ठेवा.

घराला लागून भाट (माडांची बाग) आहे, आणि आवारात एक कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या राहतंय.

ते कुटुंब बहुधा मुंडकार असेल, म्हणजे जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जागेत घर करून राहणारं. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यांना घरातून काढता येत नाही, आणि आपलं राहतं घर विकत घेण्याचा हक्कही त्यांना आहे. त्यांच्याशी बोलून, त्यांची जागा रीतसर वेगळी करून मगच बाकीचं विकायला काढा. "मुंडकार नाही" असं खोटं लिहून दिलेले व्यवहार पुढे कोर्टात जातात, आणि तेव्हा तुम्ही सातासमुद्रापार असता. त्यांच्या आजीने तुमच्या आजीच्या हाताखाली राबून हे घर उभं केलेलं असतं, तेही विसरू नये.

आवारातला तुकडाच विकायचा असेल तर नगरनियोजन कायद्याच्या कलम ४९(६) खालचा ना हरकत दाखला लागतो. भाट, कुळागर (सुपारीची बाग), शेत यांचा झोन कोणता ते नगरनियोजन खात्यातून काढा. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने बंदी आणली आहे. शिवाय तुम्ही एकदा अनिवासी झालात, की शेतजमीन फक्त भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते, आणि नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता मात्र येते.

जाण्याआधी विकलं काय आणि गेल्यावर विकलं काय, करात काय फरक पडतो?

खूप पडतो.

तुम्ही निवासी असताना ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर विकलंत, तर गिऱ्हाईक किमतीतून १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतं. अनिवासी असताना विकलंत, तर दोन वर्षांहून जुन्या घरावर १२.५ टक्के आणि वर अधिभार-उपकर कापावा लागतो. तोही सहसा नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर, कारण तुमचा नफा किती हे गिऱ्हाइकाने कसं ठरवायचं? ८० लाखांच्या घरात एकीकडे ८० हजार अडकतात, दुसरीकडे दहा लाखांच्या वर. जादा कापलेले परत मिळतात, पण विवरणपत्र भरून, पुढच्या वर्षी. ते टाळायचं तर कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून व्यवहाराआधी घ्यावा लागतो.

दुसरा फरक असा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरावर निवासी माणसाला दोन हिशेब करून बघता येतात: महागाई न धरता १२.५ टक्के, किंवा महागाईचा निर्देशांक धरून २० टक्के. जो कर कमी तो भरायचा. अनिवासी माणसाला ही निवड नाही.

आता निवासी कोण? इथे बहुतेक जण चुकतात. लोक समजतात, विमानात बसेपर्यंत मी निवासी. आयकराचं तसं नाही. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी इथे राहिला, तर तो संपूर्ण वर्षासाठी अनिवासी धरला जातो. म्हणजे जुलैत निघणाऱ्याने मे महिन्यात घर विकलं, तरी ती विक्री अनिवासी माणसाची. सप्टेंबर उलटल्यावर निघणारा त्या वर्षी निवासीच राहतो. नोकरीवर रुजू व्हायची तारीख मागेपुढे करता येत असेल, तर चतुर्थी घरी करून ऑक्टोबरात निघा असं मी सांगते, त्यात हेही कारण आहे. जमत नसेल तर निघण्याच्या आदल्या आर्थिक वर्षात, म्हणजे ३१ मार्चच्या आत विक्रीखत करा. ज्या देशात आयकरच नाही तिथे जाणाऱ्यांसाठी, भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर गेलं तर, आणखी एक वेगळी तरतूद आहे. आखातात जाणाऱ्याने ती सीएला आवर्जून विचारावी.

नफ्यावरचा कर वाचवता येतो का?

दुसरं राहतं घर भारतात घेतलं तर सूट मिळते: विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षं नंतर विकत घ्या, किंवा तीन वर्षांत बांधा. किंवा सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवा; ते पाच वर्षं अडकतात. मार्ग ठरत नसेल तर विवरणपत्राच्या मुदतीआधी पैसे भांडवली नफा खात्यात ठेवावेत.

आपल्याकडच्या जुन्या घरांना लागू पडणाऱ्या दोन गोष्टी बाहेरचा सीए कधी कधी विसरतो. घर २००१ च्या आधीचं असेल, तर १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. नोंदणीकृत मूल्यमापकाचा अहवाल घ्या. आणि समाईक मालमत्तेच्या पद्धतीमुळे गोव्यातल्या नवरा-बायकोचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत अर्धं-अर्धं धरलं जातं. घराचा नफाही त्यात आला. म्हणजे विवरणपत्र दोघांनीही भरायचं. एक जण परदेशी आणि दुसरा इथेच असेल तर दोघांचा हिशेब निराळा होतो. गोव्यातला सीए गाठा, हे माझं ठाम मत.

मी निघतोय, व्यवहार पुरा झालेला नाही. मुखत्यारपत्र देऊ का?

द्या, आणि निघण्याआधी, उपनिबंधकाच्या कचेरीत नोंदवून द्या. नवरा-बायको दोघंही जाणार असाल तर दोघांनीही द्यायचं. एकट्याचं पुरत नाही, हे वर लिहिलंच आहे. त्यात 'माझी सर्व मालमत्ता' असं मोघम लिहू नका. सर्व्हे नंबर, गाव, तालुका, घर नंबर, कमीत कमी किंमत आणि पैसे कोणत्या खात्यात जायचे हे लिहा. पैसे घेण्याचा अधिकार मुखत्याराला देऊच नका. रक्कम थेट तुमच्या खात्यात यायला हवी. सख्ख्या भावावर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. पैशाचा हिशेब भावाच्या गळ्यात नसला की नातं सुखरूप राहतं.

परदेशातून करायचं झालं तर भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवा, आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्या. मस्कतहून भावाने पाठवलेला एक कागद आमच्या घरी कपाटात राहून गेला होता, सगळं पुन्हा करावं लागलं.

"विक्रीखत नंतर करू, आत्ता मुखत्यारपत्र आणि पैसे, झालं" असं कुणी सुचवलं तर उठून या. मुखत्यारपत्राने घराची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय.

गिऱ्हाईक काही रक्कम रोख देऊ म्हणतंय.

नको. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. शिवाय ती रोकड तुम्ही परदेशात नेणार कशी?

विकण्याआधी डागडुजीवर किती खर्च करावा?

गळती थांबवण्यापुरता. एप्रिल-मेमध्ये कौलं परतून घ्या, फुटकी बदला, पन्हळ साफ करा, वाळवीचं औषध मारा, विहीर उपसून घ्या, आवारातलं रान काढा. बाथरूमच्या फरशा, मॉड्युलर किचन यावर पैसे घालू नका. घेणारा ते उखडून आपलं करतो. ओल लपवायला भिंतीवर जाड रंग तर मुळीच नको, पहिल्याच पावसात पोपडे धरतो.

एक उलटा सल्ला देते. घर पावसात दाखवा. गिऱ्हाइकाला जुलैत कोरडी जमीन दिसली की तो पुढे किमतीवर फार ओढत नाही. आमच्या माशेलच्या घराचं गिऱ्हाईक भर पावसात आलं होतं. ओसरीवर बसून त्याने चहा घेतला, चौकात पागोळ्या पडत होत्या, तो वर बघत राहिला. नंतर त्याने छपराबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

देवांचं काय करायचं? आणि चतुर्थी?

हे कुणी लेखी विचारत नाही. उठता उठता, दारात चपला घालताना विचारतात.

देवघरातल्या मूर्ती आधी हलवाव्यात, सामान नंतर. कुळाचे देव थोरल्या पातीकडे किंवा जो भाऊ गोव्यात राहतोय त्याच्याकडे जातात. पुरोहिताला विचारून दिवस ठरवा. पुष्कळ घरांत आधी कुलदेवतेसमोर प्रसाद लावतात. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, नागेशी, जे तुमचं ठिकाण असेल तिथे कौल घेऊन मगच घर विकायची वाच्यता करतात. घरातल्या वडील माणसांचा त्यावर विश्वास असेल तर हे टाळू नका. आमच्या आईने सही करायला होकार दिला तो देवीचा उजवा, म्हणजे होकाराचा, प्रसाद झाल्यावरच. तोपर्यंत ती नुसती गप्प होती.

चतुर्थीचा गणपती ज्या घरात सगळी भावंडं जमतात ते घर विकत असाल, तर पुढच्या वर्षी तो कुठे बसणार हे विक्रीखताच्या आधी ठरवा. हे ठरलेलं नसेल तर सह्या लांबतात. कुणी कारण सांगत नाही, पण कारण तेच असतं. माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायची, लाकडी चौकट छताला अडकवलेली असते, ती सोडवून घ्यायला विसरू नका. आमची फणसाच्या लाकडाची होती, आजोबांनी करवलेली. ती आता काकांच्या फ्लॅटमध्ये आहे. छताला मावली नाही म्हणून सुताराने दोन्ही बाजूंनी वीतभर कापली.

जुन्या वस्तू बरोबर नेता येतील का?

शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, समया, कोरीव लाकूड देशाबाहेर नेता येत नाही. १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा आड येतो. हस्तलिखित पोथ्यांना ही मर्यादा ७५ वर्षांची. पणजोबांच्या काळातली तांब्याची घागर खरोखर किती जुनी हे विमानतळावर सिद्ध करत बसण्यापेक्षा ती भावंडांत ठेवा.

एजंट घ्यावा का?

गावातलंच गिऱ्हाईक असेल तर गरज नाही. बाहेरचं हवं असेल तर एकच घ्या, दलाली किती आणि कुणी द्यायची ते लिहून घ्या, आणि मूळ कागद त्याच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या. गिऱ्हाइकाचा वकील पेपरात जाहीर नोटीस देतो, तेव्हा दचकू नका. ती रीतच आहे, हरकती असतील तर त्यात बाहेर येतात.

पैसे तिकडे नेता येतात?

येतात. परदेशी नोकरीला गेल्यावर तुमचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं. त्यातून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. कर भरल्याचा सीएचा दाखला बँक मागते. विक्रीखताची प्रत आणि टीडीएसचे कागद स्कॅन करून स्वतःजवळ ठेवा.

मी पोर्तुगीज पासपोर्ट काढणार आहे. घर आधी विकू की नंतर?

आधी. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) कार्ड मिळाल्यावर राहतं घर विकता येतं, पण मधल्या काळात, जुना पासपोर्ट गेलेला आणि कार्ड आलेलं नाही, अशा वेळी प्रत्येक कचेरीत ओळख पटवत फिरावं लागतं.

विक्रीखताच्या दिवशी आणि त्यानंतर काय काय राहतं?

उपनिबंधकाकडे वेळ आधी घ्यावी लागते. सगळ्यांनी मूळ आधार, पॅन आणि दोन साक्षीदार घेऊन जायचं. म्हातारी माणसं असतील तर सकाळची वेळ घ्या. अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटायला त्यांना वेळ लागतो. मुद्रांक आणि नोंदणी शुल्क घेणाऱ्याचं असतं, तरी साठेखतात, म्हणजे विक्रीआधीच्या करारात, तसं लिहा. शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्याचा मेसेज बघून मग सही.

घरपट्टी चुकती करून पंचायतीची पावती घ्या. वीज आणि पाण्याचं शेवटचं बिल भरा, दोन्ही मीटरच्या आकड्यांचा फोटो काढा आणि नाव बदलण्याचे अर्ज नव्या मालकाकडून त्याच आठवड्यात भरून घ्या. नाहीतर त्यांच्या एसीचं बिल वर्षभर तुमच्या नावाने येत राहतं. गॅसची जोडणी परत करा. फेरफारासाठी, म्हणजे उताऱ्यावर नाव बदलायला, नव्या मालकाला तुमची सही किंवा नोटिशीला उत्तर लागेल, म्हणून इथल्या एका माणसाचा पत्ता देऊन ठेवा.

आणि चाव्या देताना नव्या मालकाला घरभर एकदा फिरवून आणा. विहिरीचा पंप कुठून चालू होतो, पावसात पाणी कोणत्या बाजूने येतं, माडांना पाडेली (नारळ पाडणारा) कोण येतो, कोणती खिडकी श्रावणात फुगते. आम्ही हे सांगायला दोन तास घेतले. नव्या बाईंनी ते सगळं एका वहीत लिहून घेतलं.